रस्त्यात बेंझिनचा टँकर गळताना दिसला तर आधी वारा बघा

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. हायवेच्या कडेला टँकर उभा, मागच्या व्हॉल्व्हमधून करंगळीएवढी धार लागलेली, आणि दहा-पंधरा फुटांवर तीस-चाळीस माणसं मोबाईल वर धरून उभी. एक जण तर बाईक चालूच ठेवून बसला होता, मागे बायको, मधे लहान मूल. माझ्या पोटात गोळाच आला. त्या टँकरात काय होतं ते व्हिडिओत शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मला खात्री आहे तिथे उभ्या असलेल्यांपैकीही कोणाला माहीत नव्हतं, कारण पाटी वाचायला कोणी कॅमेरा तिकडे फिरवलाच नाही.

मी बडोद्यातच वाढले, कारेलीबागेत. बाबा कोयलीला रिफायनरीत होते, मी स्वतः केमिस्ट, नंदेसरीच्या जीआयडीसीत नोकरी करून आता बरीच वर्षं झाली. आपल्या शहराभोवती रिफायनरी, खताचा कारखाना, रंगांची आणि औषधांची युनिटं, आणि ह्या सगळ्यांचा माल रोज आपल्याच रस्त्यांवरून जातो, छाणीवरून, दुमाड चोकडीवरून, पादऱ्याच्या रस्त्याने. त्यामुळे हे फक्त कंपनीत जाणाऱ्यांनी शिकायचं असं नाही, डांडिया बाजारात राहणाऱ्या आजींनाही हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. सगळी केमिकल्स एका लेखात मावणार नाहीत म्हणून मी एकच घेते, बेंझिन, कारण ते विषारीही आहे आणि पेट्रोलसारखं भडकतंही, आणि कारण ११ नोव्हेंबर २०२४ला कोयलीत बेंझिनच्याच टाकीला आग लागली होती, दोन कामगार गेले. त्या दिवशी आकाशात चढलेला काळा धूर आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या गच्चीवरून बघितलाय.

बेंझिन दिसायला अगदी पाण्यासारखं, वास गोडसर, पेट्रोल पंपावर येतो त्याच घराण्यातला. (आपल्या पेट्रोलमध्येही ते असतं, जास्तीत जास्त १ टक्का चालतं असा नियम आहे.) आता आकडे सांगते, कंटाळू नका, सगळी गोष्ट ह्या आकड्यांतच आहे. ते उणे ११ डिग्रीलाच पेटण्याइतकी वाफ सोडायला लागतं, म्हणजे आपल्या डिसेंबरच्या पहाटेसुद्धा ते पेटायला तयारच असतं, आणि मे महिन्यात रस्ता तापलेला असताना तर विचारूच नका, ४० डिग्रीला त्याची वाफ २० डिग्रीच्या मानाने दुपटीहून जास्त सुटते. ती वाफ हवेपेक्षा पावणेतीन पट जड. म्हणजे धुरासारखी वर जात नाही, जमिनीला धरून सरपटते, उतार मिळेल तिकडे पाण्यासारखी वाहते, गटारात, तळघरात, अंडरपासमध्ये जाऊन बसते, आणि ती दिसत नाही.

हवेत १.२ टक्के बेंझिन झालं की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकतं, ह्याला कंपनीत एलईएल म्हणतात, पेटण्याची खालची हद्द. १.२ टक्के म्हणजे किती हे मी नवीन पोरांना शिकवताना खोलीच्या हिशोबाने सांगते. एक लिटर बेंझिन, म्हणजे पाण्याची एक बाटली, पूर्ण उडून गेली तर साधारण पावणेतीनशे लिटर वाफ होते, आणि तेवढी वाफ १० बाय ९ची, ९ फूट उंचीची अख्खी खोली पेटण्याच्या हद्दीवर आणायला पुरते. एका बाटलीत एक बेडरूम. ड्रम २०० लिटरचा असतो आणि टँकरमध्ये हजारो लिटर, तेव्हा त्या व्हिडिओतल्या करंगळीएवढ्या धारेकडे बघून "एवढंसं तर गळतंय" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

पण आग हा अर्धाच भाग झाला. दुसरा अर्धा विषाचा, आणि त्याची हद्द फार खाली आहे. अमेरिकेतल्या नायोश ह्या संस्थेने बेंझिनसाठी ५०० पीपीएमवर रेघ मारलीय, त्याच्या वर गेलं की जिवाला ताबडतोब धोका. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. आता १.२ टक्के म्हणजे १२,००० पीपीएम, म्हणजे हवा पेटण्याजोगी होण्याच्या कितीतरी आधीच ती श्वास घेण्याजोगी राहिलेली नसते. त्याच एका बाटलीत एक खोली पेटेल, पण चोवीस खोल्या ५०० पीपीएमपर्यंत जातील. हा चोवीस पटीचा फरक ज्याच्या डोक्यात बसला त्याला बाकीचं सगळं आपोआप कळतं असा माझा अनुभव आहे.

कंपनीत काम करणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते, कारण ही चूक मी शिकलेल्या लोकांनी करताना पाहिलीय. आपल्याकडे कमरेला लावायचा जो गॅस मीटर असतो तो बहुतेक वेळा एलईएलचा असतो, आणि तो १० टक्क्यांवर वाजतो असं सेट केलेलं असतं. १० टक्के एलईएल म्हणजे १,२०० पीपीएम. मीटर गप्प आहे, ४ टक्के दाखवतोय, सुपरवायझर म्हणतो चला आत, काही नाही, आणि तेव्हाच हवेत जवळजवळ ५०० पीपीएम आहे. तो मीटर खोटं बोलत नाही, तो फक्त आगीबद्दल बोलतोय. श्वासाबद्दल विचारायचं तर पीपीएम मोजणारा वेगळा मीटर लागतो, पीआयडी म्हणतात त्याला.

आणि नाकावर तर भरवसा नकोच. अमेरिकेत ओशा ह्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या नियमाने आठ तासांच्या शिफ्टला सरासरी १ पीपीएमपेक्षा जास्त बेंझिन चालत नाही, कारण ह्यानं रक्ताचा कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. नाकाला वास यायला लागतो तो त्याच्या वर गेल्यावर. म्हणजे वास आला की तुम्ही ठीक जागी उभे नाही एवढंच समजायचं, आणि वास यायचा थांबला म्हणजे बरं झालं असंही नाही, नाक थोड्या वेळात सरावतं.

आता पाटी. टँकरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना एक मोठी चौकोनी पाटी लावलेली असते, मोटर वाहन नियमांप्रमाणे सक्तीची आहे, तिच्यावर केमिकलचं नाव, चार आकडी नंबर, इमर्जन्सीचा फोन आणि एक रंगीत चौकट-चिन्ह. तो चार आकडी नंबर जगभर सारखा असतो. बेंझिन १११४, पेट्रोल १२०३, मिथेनॉल १२३०, एलपीजी १०७५, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५. सगळे पाठ करायची गरज नाही, वाचून फायर ब्रिगेडला सांगितला की पुढचं ते बघतात. वरच्या कोपऱ्यात अजून एक छोटा कोड असतो, बेंझिनवर ३डब्ल्यूई असा, त्यातला ३ म्हणजे फोम वापरा आणि शेवटचा ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, बेंझिनच्या पाटीवर फक्त ज्वालेचं चिन्ह असतं, कवटीचं नसतं. वाहतुकीच्या नियमांत ते ज्वालाग्राही द्रव ह्या एकाच वर्गात बसतं. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं पेट्रोलसारखं काहीतरी आहे, पेटलं नाही म्हणजे झालं. तसं नाही, कवटी नसली तरी विष आहेच.

पाटी लांबून वाचायची हं, फोनचा कॅमेरा झूम करून. जवळ जाऊन वाचायला गेलात तर वाचायचा उद्देशच संपला.

किती लांब? परदेशातली फायर ब्रिगेड जी नारिंगी गाईड वापरते तिच्यात बेंझिनसाठी दिलंय की सगळ्या बाजूंनी कमीत कमी ५० मीटर मोकळं करा, मोठी गळती असेल तर वारा जिकडे जातोय तिकडे निदान ३०० मीटर, आणि टँकरला आगच लागली असेल तर सगळ्या बाजूंनी ८०० मीटर. ८०० मीटर म्हणजे साधारण मांडवीपासून चालायला लागून दहा मिनिटं. सामान्य माणसाने तर ह्याहूनही लांब जावं, ५० मीटरचा आकडा हा सुरुवातीचा आहे, तिथे उभं राहून बघायचा नाही.

कुठल्या बाजूने जायचं, हे बडोदेकरांना शिकवायची खरं तर गरज नाही. उत्तरायणला १४ जानेवारीच्या पहाटे गच्चीवर गेल्यावर सात वर्षांचं पोरगंसुद्धा आधी काय बघतं? पतंग, दोरा, तिळगूळ सगळं नंतर, आधी "हवा किधर की है". बाबा रुमालाचं टोक दोन बोटांत धरून वर करायचे, आणि ते ज्या बाजूला फडफडेल तिकडे पाठ करून उभे राहायचे, म्हणायचे, "हे बघ, आता हवा माझ्या तोंडावर येतेय, आता मला कळतंय मी कुठे आहे." मला पुढे पंचवीस वर्षांनी सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये नेमकं हेच शिकवलं, फक्त रुमालाच्या जागी छपरावरची कापडी पिशवी होती, विंडसॉक. तेव्हा टँकर गळताना दिसला की पहिले पाच सेकंद पळू नका, बघा. झाडाची पानं, दुकानाचा झेंडा, चहाच्या टपरीचा धूर, बाईच्या ओढणीचं टोक, काहीही चालेल. वारा तुमच्याकडून टँकरकडे जात असेल तर तुम्ही बऱ्या बाजूला आहात, तसेच वाऱ्याला तोंड देऊन पुढे, टँकरपासून लांब जात रहा. वारा टँकरकडून तुमच्यावर येत असेल तर टँकरच्या बाजूने पुढे घुसून पलीकडे जायचं नाही, आणि वाऱ्याच्या पुढे सरळ रेषेत पळायचंही नाही, ढग तुमच्या मागोमाग त्याच रेषेत येतो. आडवं जायचं, वाऱ्याला काटकोनात, त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं, मग वळसा घालून वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येतोय तिकडे. आणि चढाकडे. हायवेचा सर्व्हिस रोड बऱ्याच ठिकाणी खाली असतो, अंडरपास तर खड्डाच, तिथे सावलीला थांबू नका.

गाडीत असाल आणि ट्रॅफिकमध्ये अडकून वास यायला लागला तर इंजिन बंद करा, चावी गाडीतच राहू द्या म्हणजे नंतर कोणाला गाडी हलवता येईल, आणि चालत निघा. पुन्हा स्टार्टर मारून गाडी वळवायचा मोह आवरा. सेल्फची ठिणगी, तापलेला सायलेन्सर, हीच तर आगीची कारणं. डिझेल इंजिन तर वाफ आत ओढून चावी बंद केल्यावरही बेफाम पळत राहू शकतं.

लोक म्हणतात आम्ही तर लांब होतो, बिडी पेटवली तर काय झालं. जयपूरला २९ ऑक्टोबर २००९च्या संध्याकाळी तेल डेपोत पेट्रोल साधारण सव्वा तास गळत राहिलं, वाफेचा ढग पसरत गेला आणि कुठेतरी ठिणगी मिळाल्यावर अख्खा ढग एकदम उडाला, ११ माणसं गेली. वाफ ही लांब वातीसारखी असते, तुम्ही टोकाला पेटवता आणि ज्योत जमिनीवरून धावत मूळ गळतीपर्यंत जाते. पाकिस्तानात २५ जून २०१७ला बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला, आजूबाजूच्या गावचे लोक बादल्या, कॅन घेऊन आले, आग लागली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. बादली भरायला गेलेल्या त्या माणसांना मी लोभी म्हणणार नाही, घरात पैसा नसताना रस्त्यावर वाहणारं पेट्रोल कोणालाही फुकटचं वाटेल, पण म्हणूनच हे आधी माहीत असायला हवं. त्यात प्लास्टिकची बादली असेल तर अजून वाईट, असे द्रव ओतताना, वाहताना त्यांच्यात स्टॅटिक करंट जमतो आणि तीच ठिणगी होते. कंपनीत ड्रम भरताना आपण तांब्याची वायर लावून अर्थिंग करतो ते ह्याचसाठी, ती वायर तुटकी असेल तर भरणं थांबवा, मग ऑर्डर कितीही अर्जंट असो.

बाजूला गेलात की फोन. ११२ किंवा फायरला १०१, कोणी पडलेलं असेल तर १०८, हायवेवर असाल तर १०३३ पण आहे. घाबरलेला माणूस "जल्दी आओ, टँकर फट गया" एवढंच ओरडतो आणि फोन ठेवतो. त्याऐवजी असं सांगा: दुमाड चोकडीच्या पुढे, अहमदाबादकडे जाणारी बाजू, टँकर मागच्या व्हॉल्व्हमधून गळतोय, आग नाही, पाटीवर १११४, ड्रायव्हर बाहेर आलाय पण चक्कर येतेय म्हणतोय, वारा वस्तीकडे जातोय. वीस सेकंद लागतात. ह्यातला वाऱ्याचा भाग सगळे विसरतात, आणि गाड्या कोणत्या बाजूने आणायच्या हे ठरवायला तोच लागतो. ड्रायव्हर शुद्धीत असेल तर त्याच्याकडे ट्रेमकार्ड आहे का विचारा, मालाची सगळी माहिती, प्रथमोपचार त्याच्यावर असतं. पण ते केबिनमध्ये राहिलं असेल तर राहू दे, त्याला परत पाठवू नका.

घरात असाल तर? इथे थोडं नीट समजून घ्या, कारण दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. वास अजून तुमच्याकडे आलेला नाही, पण सायरन वाजतोय किंवा पोलीस माईकवरून सांगतायत, तर गॅस बंद, देवापुढची समई, उदबत्ती विझवा, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद करा, खिडक्या लावा, दाराखाली ओलं फडकं कोंबा, आणि सांगतील तसं करा, घरात थांबा म्हणाले तर थांबा, निघा म्हणाले तर निघा. पण वास घरात आलेलाच आहे, जोरात येतोय, तर मग बटणाला हात लावू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही, कारण स्विचमध्ये दोन्ही वेळेला ठिणगी पडते. डोअरबेल नको, दार हाताने ठोकून शेजारच्यांना उठवा, लिफ्ट नको, जिन्याने खाली आणि वाऱ्याच्या आडवे. तळमजल्यावर जे झोपतात त्यांना आधी, वाफ खालीच असते.

ओला रुमाल तोंडावर धरायचं भोपाळपासून सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. १९८४ला तिथे जो गॅस सुटला, एमआयसी म्हणजे मिथाइल आयसोसायनेट, तो पाण्याशी रिॲक्शन करतो म्हणून तिथे त्याला अर्थ होता. बेंझिन पाण्यात जेमतेम विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमही नाही, तेव्हा ओल्या रुमालाने किंवा कोविडवाल्या मास्कने काही अडत नाही. रुमालाच्या भरवशावर आत जाणारा माणूस दुसऱ्याला वाचवायला जातो आणि वाचवणाऱ्यांना मग दोन माणसं उचलावी लागतात. आत जायचं ते फक्त पाठीवर हवेचा सिलिंडर असलेल्यांनी.

आणि पाणी मारू नका, अगदी हात जोडून सांगते. आपल्याकडे काही सांडलं की पहिला हात पाईपकडे जातो. बेंझिन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं, पाण्यावर बसून पुढे जातं आणि पेटलं तर पाण्यावरच जळत जातं. छाणीकडून येणारी आपली भूखी कांस, म्हणजे नाला, विश्वामित्रीला मिळते, म्हणजे हायवेवर पाईप मारला की बेंझिन गटारातून, वस्त्यांखालून नदीत. गटारात काय होऊ शकतं ते सुरतेने ६ जानेवारी २०२२ला बघितलं, सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून नाल्यात चोरून केमिकल सोडत होते, विषारी गॅस झाला आणि जवळच झोपलेले सहा कामगार गेले. ते केमिकल वेगळं होतं, पण नाला म्हणजे वस्तीकडे जाणारी मोकळी नळी ही गोष्ट तीच. शिवाय पिण्याचं पाणी. डब्ल्यूएचओने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची हद्द लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवलीय. हिशोब केलात तर एक लिटर बेंझिन जवळपास ९ कोटी लिटर पाणी त्या हद्दीवर आणायला पुरतं. आपलं बरंचसं पाणी फाजलपूर, रायका, दोडका इथल्या मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून येतं, आणि नंदेसरी त्याच महीच्या काठच्या पट्ट्यात आहे. म्हणून कंपनीत ड्रम फुटला की पावसाळी गटाराची तोंडं आधी झाकायची, रेतीच्या गोणी लावायच्या, त्यासाठी गोणी गटाराच्या शेजारीच भरून ठेवलेल्या हव्यात, स्टोअरमध्ये कुलपात नाही.

फायर ब्रिगेडवाले येऊन काय करतात ते थोडक्यात: फोमची गादी पसरतात, वाफ सुटायची थांबते. पाणी वापरतात ते फवाऱ्याने, टाकी थंड ठेवायला आणि वाफ दाबायला, सांडलेल्यावर धार मारत नाहीत. मग कोरडी रेती, न ठिणगी उडणारी पितळी हत्यारं, आणि ती भिजलेली रेतीही धोक्याचा कचराच, बंद ड्रममध्ये भरून पाठवायची. ह्या कामात तुमची-आमची मदत लागत नाही, रस्ता मोकळा ठेवला तरी खूप.

आता अंगावर उडालं तर, आणि इथे मला स्वतः पाहिलेलं सांगायचंय. माझ्या पहिल्या नोकरीत, छोटं युनिट होतं, फोर्कलिफ्टचा दात ड्रममध्ये घुसला. सुपरवायझर शहाणा माणूस, त्याने ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं, बाहेरच्या पॅनलवरून मेन पाडला. पण आमचा एक ऑपरेटर, बावीस-तेवीसचा पोरगा, भोकात चिंधी कोंबायला धावला. जेमतेम अर्धा मिनिट आत होता. बाहेर आला तेव्हा हसत होता, म्हणाला, "मॅडम, कुछ नहीं हुआ." जीन्स गुडघ्यापर्यंत भिजलेली, पायात चामड्याचे बूट. सगळे गळतीकडे बघत होते, त्याच्या पायांकडे कोणीच बघितलं नाही, मीही नाही. पाऊण तासाने तो भिंतीला टेकून बसला, डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणाला, आणि जीन्स वर केली तर पोटऱ्या लालभडक, बुटाच्या वर जिथे कापड घट्ट बसलं होतं तिथे फोड. पाऊण तास तो ती वाफ स्वतःच्याच पँटीतून हुंगत बसला होता. तो बरा झाला, पण तेव्हापासून कोणी गळतीतून बाहेर आलं की मी गळतीकडे बघतच नाही, आधी त्या माणसाचे कपडे बघते.

कपडे लगेच काढायचे, गळतीपासून लांब आणून पण वेळ न घालवता, डोक्यावरून ओढून नाही, कात्रीने कापून, म्हणजे तोंडाला लागणार नाही. बूट, मोजे, पट्टा, घड्याळाचा चामडी पट्टा सगळं. लाज वाटते, विशेषतः बायकांना, म्हणून प्रत्येक युनिटमध्ये शॉवरजवळ चादर आणि जुने कपडे ठेवलेले हवेत, मी आमच्याकडे भांडून ठेवून घेतलेत. मग साबण आणि भरपूर पाणी, निदान पंधरा मिनिटं. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी. रॉकेल किंवा थिनरने पुसू नका, हळद-तूप लावू नका. काढलेले कपडे दोन पिशव्यांत बांधून बाहेर, कारमध्ये किंवा अँब्युलन्समध्ये सोबत नेऊ नका, बंद गाडीत सगळ्यांना वाफ लागते. चुकून पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, दूध नाही, मीठपाणी नाही. उलटी होताना ते फुप्फुसात उतरलं तर पोटात असल्यापेक्षा जास्त घात करतं. डॉक्टरांना नुसतं "केमिकल" सांगू नका, बेंझिन म्हणून नाव सांगा, नंबर कागदावर लिहून द्या. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, १८०० ११६ ११७, डॉक्टरही तिथे फोन करतात.

हातमोज्यांबद्दल एक वाक्य, कारण इथे फसगत होते. मेडिकलच्या दुकानातले पातळ लेटेक्सचे तर सोडाच, केमिकलचे म्हणून मिळणारे निळे नायट्राईलचे मोजेही बेंझिनला फार वेळ अडवत नाहीत, ते आरपार येतं. त्याच्यासाठी वायटॉन किंवा पीव्हीएचे लागतात, महाग असतात, पण मालकाला तेच मागा.

शेवटी एक गळती जी कोणी मोजत नाही ती सांगून थांबते. भंगारवाल्याकडे रिकामे लोखंडी ड्रम मिळतात, आपल्याकडे लोक पाणी भरायला, धान्य ठेवायला, तंदूर करायला घेतात, आणि वरचं झाकण कापायला गॅस कटरवाल्याकडे नेतात. ड्रम रिकामा असतो म्हणजे द्रव नसतो, तळाशी चमचाभर राहिलेलं आणि आत भरलेली वाफ असतेच. मगाचा हिशोब आठवा, एका लिटरला एक खोली, तर दोनशे लिटरच्या ड्रमला नऊ-दहा मिलिलिटर, दोन चमचेसुद्धा पुरे होतात. कटरची ज्योत लागली की झाकण उडतं, आणि कापणारा त्याच्यावर वाकलेला असतो. ड्रम घेताना लेबल खरवडलेलं असेल तर घेऊ नका. १११४ दिसलं तर भंगारवाल्याला सांगा, भाई, हा कापायला देऊ नकोस, आणि कटरवालाही ओळखीचा असेल तर जाता जाता त्यालाही सांगून या.